चौदा गाभे शिल्लक

"त्या डब्ब्याले कूलर, अन् मले पंखा. थोबी कण्हते."

रुखमाबाई हे कोणाला म्हणत नव्हत्या. त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि जे काय सांगायचं ते तांदळाला सांगत होत्या. पण स्वयंपाकघर आणि बैठक यांच्यामध्ये एक पडदाच काय तो होता, आणि पडद्याच्या अलीकडे गुणवंतराव पेपर उघडून बसले होते. ज्या बाईबरोबर उभा संसार केला तिचं पुटपुटणं ऐकूच आलं नाही असं दाखवायला पेपरसारखी सोय नाही. त्यांनी गंभीरपणे पान उलटलं. पेपर कालचा होता हे मागाहून त्यांच्या लक्षात आलं.

गोंडपिपरीत मे महिना चालू होता. नळाला गरम पाणी येत होतं आणि त्याबद्दल कोणी वेगळे पैसे घेत नव्हतं, एवढंच त्या महिन्याबद्दल बरं बोलता येईल. बैठकीच्या ज्या कोपऱ्यात आजवर रुखमाबाईंचं शिलाई मशीन होतं, तिथं आता तो डब्बा बसला होता. काळा, लोखंडी, धान्याच्या कोठीएवढा, दिवसभर भुंग्यासारखा घुंई घुंई करणारा. त्याच्या तोंडासमोर घरातला एकुलता एक कूलर, त्याला नवा वाळा. जावयाला मिळाला नव्हता एवढा मान त्या डब्ब्याला मिळत होता, आणि जावई हे बोलूनही दाखवून गेला होता.

डब्बा म्हणजे सर्व्हर. एका कारखान्यानं नवीन यंत्रं घेतली तेव्हा हा जुना उचलून अभ्यासिकेला देऊन टाकला. अभ्यासिका म्हणजे गुणवंतरावांच्या घराला लागून असलेला टिनाचा हॉल. तिथं आसपासच्या गावची पोरं-पोरी पोलीस भरती आणि वनरक्षक भरतीचा अभ्यास करायला येत. टिनाखाली पोरं तग धरत, पण सर्व्हर धरणार नाही असं सांगण्यात आलं, म्हणून तो अध्यक्षांच्या बैठकीत आला आणि खिडकीतून वायर हॉलमध्ये गेली. अध्यक्ष अर्थातच गुणवंतराव. सेवानिवृत्त वनपाल.

वनपाल म्हणजे कसले, तर नाक्याचे. आयुष्याची बरीच वर्षं त्यांनी जंगलाच्या तोंडाशी, आडव्या बांबूपाशी काढली. ट्रक असो, बैलगाडी असो, सायकल असो, त्यांचा प्रश्न एकच, "टीपी?" टीपी म्हणजे लाकडाचा वाहतूक परवाना. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात म्हटलं होतं, "गुणवंतरावांच्या नाक्यावरून बिनपरवान्याची काडी गेली नाही." ते वाक्य गुणवंतरावांनी नंतर इतक्यांदा सांगितलं, की आता ते भाषण त्यांनीच केलं होतं की काय असं शेजाऱ्यांना वाटे.

नाक्यावरची आणखी एक गोष्ट इथंच सांगून टाकते, पुढं कामाला येईल. काही नाक्यांवर अशी एक पद्धत असते. एखादा ट्रक दुरून दिसला, की शिपायाला एकदम तहान लागते. तो म्हणतो, "पाणी पिऊन येतो," आणि मागं मटक्याकडे जातो. तो पाणी पिईपर्यंत ट्रक निघून जातो. कोणी काही घेतलं नाही, दिलं नाही, पाहिलं तर मुळीच नाही. गुणवंतरावांनी अशा एका तहानलेल्या सोबत्याची वरिष्ठांकडे तक्रार केली होती. तेव्हापासून त्यांच्या नाक्यावर लोक खरोखरची तहान लागली तरी आधी परवानगी मागत.

तर सर्व्हर. झालं असं, की भरतीची परीक्षा आता कॉम्प्युटरवर होते, आणि तिचा सराव करायला पोरांना चंद्रपूरला जावं लागे. गावातल्या मुखरूभाऊची नात दिव्यानी सगळ्यांत हुशार, पण तिला बस लागायची. चंद्रपूरला उतरेपर्यंत तिच्या पोटात काही नसे आणि डोक्यातही काही उरत नसे. सरावात ती शेवटून पहिली आली, त्या दिवशी गुणवंतरावांनी जाहीर केलं, "परीक्षा इथीच होईन. आपल्या हॉलमधी." पोरांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या ऐकल्यावर माणसानं मागं फिरायचं कसं?

चंद्रपूरहून कुलदीप आला. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, पाठीवर बॅग, आणि प्रत्येक वाक्याला "टेन्शन नका घेऊ सर". त्यानं डब्ब्याचं झाकण उघडून आत फुंकर मारली आणि समजावलं, की हे मशीन एक आहे पण याच्या पोटात आणखी मशिनी करता येतात. दिसत नाहीत, पण असतात. प्रत्येकीचं काम वेगळं.

"पोटात किती करायच्या सर?"

"तीन," गुणवंतराव म्हणाले.

"अन् बाळंतपण कोन करन?" पडद्यामागून आवाज आला.

एक पुस्तकांच्या नोंदीसाठी, एक परीक्षेसाठी. तिसरी कशासाठी, असं कुलदीपनं विचारलं. गुणवंतरावांनी त्याच्याकडे कीव करून पाहिलं. "राखीव," ते म्हणाले. "ज्या जंगलात राखीव कक्ष नाई, थे जंगल नाई." आणि त्यांनी कामाचा क्रम ठरवून दिला. आधी पुस्तकं, मग राखीव, मग परीक्षा. राखीव मशिनीत शेवटपर्यंत काहीही ठेवलं गेलं नाही. तिच्यासमोर नारळ मात्र फोडला गेला.

मग लायसनचा विषय निघाला. इथं गुणवंतराव खुर्चीत ताठ झाले. हा त्यांचा प्रांत.

"सर, एक फुकटची सिस्टीम पण असते. तिले परवानाच लागत नाही."

"परवानाच लागत नाई म्हननारे मी लय पायले," गुणवंतराव म्हणाले. "रात्रीचे जात. दिवे बंद करून."

"नाही सर, ती खरंच मोकळी असते. कोणीही घ्या, वापरा..."

"कुलदीप. मायासमोर हे बोलायचं नाई."

गुणवंतरावांनी त्या क्षणी त्याचं ऐकलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती, आणि मला दुसरी शोधावी लागली असती.

तर परवान्याचीच सिस्टीम घ्यायची ठरली. कुलदीपनं फोनमधून नियम वाचले. परवाना मशीनच्या कोरवर मोजतात. कोर म्हणजे काय, असं गुणवंतरावांनी विचारलं. कुलदीपनं थोडा विचार करून सांगितलं, "कोर म्हणजे सर... आतला गाभा."

झालं. सबंध चांदा-गडचिरोलीत गाभ्याबद्दल गुणवंतरावांना शिकवू शकेल असा माणूस नव्हता. सागवानाचा गाभा बघून झाड कोणत्या टेकडीवरचं हे ते सांगत. त्यांनी हात वर करून कुलदीपला थांबवलं. "या डब्ब्यात मोठे तुकडे किती?"

"प्रोसेसर? दोन आहेत सर. पण..."

"मंग दोन गाभे. एका लाकडाले एकच गाभा राह्यते. नियम किती गाभ्याचा हाये?"

"कमीत कमी सोळाचा घ्यावा लागते सर, पण माझं ऐका..."

"सोळाचा घेऊ. नियम म्हनजे नियम. दोन वापरू, चौदा शिल्लक." आणि पोटातल्या मशिनींचं काय, असं कुलदीप विचारू लागला, तर तेही त्यांनी निकालात काढलं. "गाडीले टीपी एक. गाडीत काय भरलं, त्याले वेगळी टीपी कोनी देते का?"

हे वाक्य बोलताना ते स्वतःच विसरले, की टीपीवर प्रत्येक नगाची नोंद असते. एक एक नग मोजूनच तर त्यांची उमर गेली होती. पण निवृत्तीनंतर माणूस नियमाचा रुबाब लक्षात ठेवतो, नियम विसरतो.

वर्गणी झाली, परवाना आला. कुलदीपनं तो कागदावर छापून दिला. गुणवंतरावांनी त्याला फ्रेम केली आणि डब्ब्याच्या वर, शंकराच्या फोटोशेजारी टांगली. शिल्लक चौदा गाभे वाया जाऊ नयेत म्हणून त्यांनी पोंभुर्ण्याकडच्या एका ओळखीच्या मुख्याध्यापकांना फोन लावला. "सर, आमच्याकडे चौदा गाभे उरले. शाळेले देऊन टाकतो." मुख्याध्यापक गहिवरले. म्हणाले, "वनपालसाहेब, तुमच्यासारखे लोक हायेत म्हनून शाळा चालते. पाठवून द्या, खिडक्यांच्या चौकटीच सडल्या आमच्या." दोघांनाही आपण काहीतरी मोठं केल्यासारखं वाटलं. मुख्याध्यापकांनी सुतारही सांगून ठेवला.

पुस्तकांच्या मशिनीनं परवाना घेतला. राखीवनं घेतला. परीक्षेच्या मशिनीनं घेतला नाही. कॉम्प्युटरच्या पडद्याच्या कोपऱ्यात फिकट अक्षरं उमटली: परवाना वैध नाही. तूर्त चाचणीची मुदत चालू आहे.

कुलदीप परत आला. या वेळी त्यानं खर्रा थुंकून घेतला, म्हणजे बोलणं गंभीर होतं. त्यानं सांगितलं, एका परवान्यात पोटातल्या दोनच मशिनी बसतात, तिसरीला पुन्हा सगळा परवाना. आणि सर, एका प्रोसेसरात गाभे बारा आहेत. म्हणजे चोवीस. म्हणजे घेतलेला परवानाच आठानं कमी पडतो. म्हणजे पहिल्या दोन मशिनीसुद्धा... आणि वरून जेवढी पोरं परीक्षेला बसतील त्यांचं प्रत्येकाचं आणखी वेगळं लायसन लागतं.

"एका लाकडात बारा गाभे?" गुणवंतराव हळू आवाजात म्हणाले. त्यांचा निसर्गावरचा विश्वास उडाला होता.

"राखीव काढून टाकू का सर?"

राखीव काढायला ते आठवडाभर तयार झाले नाहीत. झाले तेव्हा कुलदीप म्हणाला, "तेवढ्यानं भागत नाही सर. गाभे कमीच पडतात." म्हणजे अब्रूही गेली आणि उपयोगही झाला नाही. राखीव मग तशीच राहिली.

आता सल्ले सुरू झाले. समोरचा सुनिल, वीज कंपनीत कामाला, रोज बंडी घालून यायचा आणि कूलरसमोर डब्ब्याला पाठ लावून बसायचा. "काका, तुमी बी ना! सारी दुनिया अशीच चालून राह्यली. दुसऱ्या कोनाच्या परवान्याची चावी टाकली का झालं." पलीकडच्या ललिताताई, अंगणवाडीच्या, म्हणाल्या, "भाऊ, डब्बा पूर्वेकडे तोंड करून ठेवा. माहेरी आमच्या टीव्हीचं असंच झालं होतं." डब्ब्याचं तोंड पूर्वेला केलं. त्यामुळं कूलरही हलवावा लागला, आणि स्वयंपाकघराकडे जी काय थोडी झुळूक चुकूनमाकून जात होती तीही बंद झाली. पडद्यामागं भांडी जोरात वाजली. दिव्यानीनं एकदा भीत भीत म्हटलं, "आजोबा, कागदावरच घ्या ना परीक्षा." गुणवंतराव म्हणाले, "अन् मंग एवढा डब्बा कायले आनला?" प्रश्न चांगला होता.

गुणवंतरावांनी सरळ रस्ता धरला. सिस्टीम विकणाऱ्या कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. आधी बराच वेळ गाणं वाजलं, मग एक गोड आवाजाची पोरगी हिंदीत म्हणाली, शैक्षणिक संस्थांना परवाना फार स्वस्तात मिळतो. आपली संस्था शैक्षणिक आहे का?

"एकशे एक टक्का!" गुणवंतराव ओरडले. नोंदणीचं प्रमाणपत्र पाठवा, असं ती म्हणाली. त्यांनी पेटीतून ते काढलं, चष्मा लावला आणि वाचलं. आणि खुर्चीत बसले.

अभ्यासिकेची नोंदणी जुनी होती. त्या टिनाच्या हॉलमध्ये पूर्वी आखाडा होता. कागदावर संस्थेचं नाव 'बजरंग व्यायामशाळा' आणि उद्दिष्ट 'तरुणांची शरीरे बलदंड करणे'. पोरांनी अभ्यास सुरू केला, मुगदल अडगळीत गेले, पण कागदाला ते कोणी कळवलं नाही.

पुढचा अर्धा तास गुणवंतराव त्या पोरीला राष्ट्रभाषेत पटवत होते की अभ्यास हा मेंदूचा व्यायाम है. पोरगी शांतपणे ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, "सर, तो आप का जिम है?"

पडद्यामागून हसू आलं. रुखमाबाईंचं हसू गुणवंतरावांनी बऱ्याच महिन्यांनी ऐकलं होतं, पण या कारणानं ऐकायची त्यांची इच्छा नव्हती.

नाव बदलायला ते बसनं चंद्रपूरला गेले. कार्यालयातला बाबू भला माणूस होता, त्यानं पंख्याखालची खुर्ची दिली. म्हणाला, होऊन जाईल, पण सर्व सभासदांच्या सह्या लागतील. सभासद म्हणजे जुने पहिलवान. अर्धे वारलेले, एक सिरोंच्याला मासे धरतो, एक कुठं आहे त्याच्या बायकोलाही माहीत नाही. "वारलेल्यांचे दाखले जोडा," बाबू म्हणाला, "अन् जिवंत असतीन त्यांचेबी, जिवंत हायेत म्हणून." गुणवंतराव परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसले. रस्त्यात त्यांचा जुना नाका लागला. आडवा बांबू जाऊन आता लोखंडी दांडा आला होता. एरवी ते तिथं ड्रायव्हरला ऐकू जाईल अशा आवाजात एखादी आठवण सांगत. त्या दिवशी त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

तोवर चाचणीची मुदत संपली. परीक्षेची मशीन चिडली. दर तासाला ती आपोआप बंद पडू लागली. पोरांनी तिच्याशी जमवून घेतलं. मशीन मेली की चहा, उठली की गणित. पण उद्घाटनाची तारीख दिलेली होती, आणि पाहुण्या म्हणून वनपरिक्षेत्राच्या रेंजर मॅडम येणार होत्या. गुणवंतरावांच्या जुन्या खात्याच्या. पत्रिका छापून झाल्या होत्या. पत्रिकेवर ते काडीचं वाक्य होतं.

आदल्या दिवशी दुपारी कुलदीप डब्ब्यासमोर बसला होता. सुनिल बंडी घालून, ललिताताई दारात, दिव्यानी आणि दोघी-तिघी पोरी खिडकीशी. कुलदीपनं खिशातून एक बोटभर पेनड्राइव्ह काढला आणि हातातच धरून ठेवला. "सर, मित्राकडं चावी होती. हे टाकलं, का कोपऱ्यातलं लिहिलेलं जाते. बंद पडणं पण जाते." तो थांबला. "टाकू का, ते तुम्ही सांगा."

कूलरचं पाणी ठिबकत होतं. गुणवंतरावांनी फ्रेमकडे पाहिलं, पत्रिकेकडे पाहिलं, खिडकीतल्या दिव्यानीकडे पाहिलं. घसा खाकरला.

"मी जरा पाणी पिऊन येतो," ते म्हणाले.

आणि पडदा सारून आत गेले.

रुखमाबाईंनी मटक्यातून ग्लास भरला आणि दिला. त्यांनी तो उभ्या उभ्या प्यायला, घोट घोट, लहान मुलाला औषध पाजावं तसा. रुखमाबाई बघत होत्या. नाक्याच्या क्वार्टरमध्ये त्यांनी आयुष्य काढलं होतं. पाण्याचा अर्थ त्यांना कोणी सांगायला नको होता.

"तहान तं नव्हती तुमाले," त्या म्हणाल्या. ग्लास त्यांनी घासायला टाकला, तो नुसत्या पाण्यानं धुऊनही चालला असता.

गुणवंतराव बाहेर आले तेव्हा कॉम्प्युटरच्या पडद्यावरची अक्षरं गेली होती. सुनिल म्हणाला, "आता कसं मोकळं झालं." ललिताताई म्हणाल्या, "पूर्वेचा गुन आला शेवटी." कुलदीप म्हणाला, "सेटिंग झाली सर." सेटिंग झाली, मोकळं झालं, जमलं, गुण आला. मराठीत आणि हिंदीत मिळून जेवढे शब्द होते तेवढे सगळ्यांनी वापरले. एक सोडून.

त्या संध्याकाळी गुणवंतरावांनी डब्ब्यावर टॉवेल टाकला. रुखमाबाई म्हणाल्या, गरम होईन. त्यांनी टॉवेल काढला आणि फ्रेमवर टाकला. जेवायला बसले आणि भात तसाच ठेवून उठले. नंतर त्यांनी कूलर ओढत ओढत स्वयंपाकघराच्या दाराशी नेला आणि त्याचं तोंड आतल्या बाजूला वळवलं. रुखमाबाईंनी तो परत डब्ब्याकडे वळवला. लाच घेतल्यासारखी हवा त्यांना नको होती.

उद्घाटनाला हॉल भरला. पहिल्या ओळीत मुखरूभाऊ बसला होता, धुतलेला शर्ट, गळ्यात गमछा. मुखरूभाऊला आणि गुणवंतरावांना जुनी ओळख होती. बारा-चौदा वर्षांमागं लेकीच्या घराच्या दारासाठी मुखरू बैलगाडीतून लाकूड नेत होता. टीपी दहा नगांची, गाडीत नग बारा. गुणवंतरावांनी गाडी अडवली, पंचनामा केला, गुन्हा दाखल केला. मुखरू कितीतरी तारखांना कोर्टात बसला. लेकीच्या घराला तोवर पोत्याचा पडदा होता. त्यानं या गोष्टीचा राग कधी धरला नाही. भेटला की हात जोडून म्हणायचा, "रामराम, वनपालसाहेब." त्याचा तो रामराम आज गुणवंतरावांना नको तिथं लागला.

रेंजर मॅडमनी भाषण केलं. तरुण होत्या, मनापासून बोलल्या. "आमच्या प्रशिक्षणात आजही गुणवंतराव सरांचं उदाहरण देतात. त्यांच्या नाक्यावरून बिनपरवान्याची काडीसुद्धा गेली नाही." टाळ्या पडल्या. गुणवंतराव चपलेच्या अंगठ्याकडे बघत होते. अंगठा सुटत आला होता, असं त्यांना वाटलं. पाहिलं तर चप्पल नवीच होती.

मग परीक्षा सुरू झाली. पोरं आपापल्या पडद्यांसमोर, आणि भिंतीवरच्या पांढऱ्या चादरीवर तेच प्रश्न मोठ्या अक्षरांत, पाहुण्यांना दिसावेत म्हणून. प्रश्न गुणवंतरावांनीच काढले होते, फार पूर्वी, जेव्हा त्यांना झोप लागत असे. वनांचे प्रकार झाले, वाघाचा पंजा झाला. चौथा प्रश्न चादरीवर उमटला. मुखरूभाऊला वाचता येत नव्हतं. त्यानं शेजारच्या पडद्यासमोर बसलेल्या नातीला कोपरानं ढोसलं, "वाच ना वो."

दिव्यानीनं वाचलं. हॉल शांत होता, म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं. "परवान्यावर दहा नग असताना गाडीत बारा नग आढळल्यास जास्तीच्या दोन नगांना काय म्हणावे?"

मुखरूभाऊ आधी थांबला, मग खळखळून हसला. "अरे बाप्पा! हा तं मायावालाच प्रश्न हाये. याचं उत्तर मले पाठ हाये!"

हॉल हसला. मॅडम हसल्या. गुणवंतरावांनी तो प्रश्न लिहिला तेव्हा तो कुणाचा आहे हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. आता हसणाऱ्या हॉलमध्ये ते एकटेच बसल्यासारखे बसले.

दिव्यानीचं बोट उत्तराकडे गेलं, आणि चादर काळी झाली. कंपनीला कुठून कसं कळलं देव जाणे, पण चावी पकडली गेली होती. काळ्या चादरीवर पांढरी अक्षरं आली: परवाना वैध नाही. मग तीही गेली. पोरांचे पडदेही एकामागून एक विझले. खिडकीतून ऐकू येणारी घुंई थांबली नव्हती, म्हणजे डब्बा जिवंत होता. पोटातलीच मेली होती.

"लाइट गेली," सुनिल पटकन म्हणाला. वीज कंपनीचा माणूस स्वतःहून असं म्हणतो तेव्हा प्रसंग किती वाईट असेल ते समजा.

"पंखे तं सुरू हायेत," मुखरूभाऊ वर बघून म्हणाला.

"व्होल्टेज हो भाऊ, व्होल्टेज," ललिताताई म्हणाल्या.

"नेटवर्क," कुलदीप म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून वायर हलवू लागला.

"उन्हानं तापला असंन."

"नवीन हाये ना, थोडं होते असं."

मॅडम सगळ्यांकडे पाळीपाळीनं बघत होत्या आणि मान डोलवत होत्या. त्यांनी ती अक्षरं वाचली होती. त्यांनाही न वाचल्यासारखं करता येत होतं, म्हणजे त्याही खात्यातल्याच. दिव्यानीचं बोट अजून तसंच काळ्या पडद्यावर टेकलेलं होतं.

मुखरूभाऊला मात्र काही समजेना. त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं. तो वळला आणि हात जोडून, नेहमीच्या अदबीनं म्हणाला, "तुमीच सांगा, वनपालसाहेब. बंद काऊन पडलं थे?"

गुणवंतराव उठले. त्यांनी तोंड उघडलं. जीभ टाळूला चिकटली होती. त्यांची नजर दाराकडे गेली, तिथं रुखमाबाई पाहुण्यांसाठी ग्लासांचा ट्रे घेऊन उभ्या होत्या, डोक्यावर पदर, कपाळावर घामाचे थेंब.

"जरा पाणी..." गुणवंतराव म्हणाले.

रुखमाबाई दोन पावलं पुढं आल्या आणि थांबल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. तसं आजवर गुणवंतरावांकडे कोणी पाहिलं नव्हतं, त्यांनीसुद्धा नाही. रागानं नाही. ऊन लागलेल्या माणसाकडे बघावं तसं. मग त्यांनी ट्रे मॅडमपुढच्या टेबलावर ठेवला, एकही ग्लास न देता, आणि पदर सारखा केला.

"चोरीचं हाये थे, मुखरूभाऊ," त्या म्हणाल्या. "अन् काल पानी मीच देल्लं होतं."